हुकमाचं पान

आमच्या कट्ट्यावर माहिती सांगायला पैसे पडत नाहीत, पण विषय निघावा लागतो. कुणी आपणहून "तुम्हाला माहितेय का" म्हणून सुरुवात केली की वकील हात वर करतो, "विषयाबाहेर!" आणि सांगणाऱ्याला ती गोष्ट गिळून चहा प्यावा लागतो.

बार्शीच्या बस स्टँडजवळची टपरी, संध्याकाळी सहाची वेळ, आणि आम्ही चौघं. वकील आणि बापू माझ्या शाळेतले. मास्तर आमच्याहून सहा-सात वर्षांनी मोठे, इतिहास शिकवून निवृत्त झालेले, म्हणून त्यांना तेवढं अहो-जाहो. मोबाइल फळीवर पालथे ठेवायचे. चहा संपायच्या आत जो उचलेल त्यानं चौघांचे पैसे द्यायचे. हा नियम बापूचा. त्याचं म्हणणं असं की, माणूस चुकीचं सांगत असला तरी त्याला पुरतं चुकू द्यावं. मध्येच फोनमध्ये बघून दुरुस्त केलं की दोघांचाही चहा कडू होतो.

वकिलाकडे क्रिकेट. त्याचं हुकमाचं पान म्हणजे भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर 1948, पुण्याचं पूना क्लबचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद 443. ब्रॅडमनचा तेव्हाचा विक्रम 452 चा, म्हणजे दहा धावा काढल्या की जगात पहिला नंबर. महाराष्ट्राच्या 4 बाद 826 झाल्या होत्या. सुटीत काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकूरसाहेब, म्हणाले, डाव सोडा, नाहीतर आम्ही निघालो. आणि निघाले की! सामना सोडून दिला, दहा धावा राहिल्या त्या राहिल्याच. ही गोष्ट आम्ही पन्नासदा तरी ऐकली असेल, आणि दर वेळी "आणि निघाले की" या शब्दांना वकील बाकावरून उठून खरोखर दोन पावलं चालतो. एवढं करून निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत, हे तो परत बसल्यावर, हळू आवाजात सांगतो. मला त्यातलं हेच जास्त आवडतं.

बापूचं तसं नाही. त्याला सनावळ्या येत नाहीत. त्यानं जन्मभर विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त केली. किर्लोस्करवाडी 1910 ची, हे मास्तरांनी सांगावं. लोखंडानं जमीन नासते या समजुतीपायी लक्ष्मणरावांचे लोखंडी नांगर सुरुवातीला कुणी घेईना, हेही मास्तरांनीच सांगावं. पण पाच हॉर्सपॉवरच्या इंजिनाला हँडल कसं मारायचं, ते बापूनं. तो ग्लास बाजूला ठेवतो, एक हात वर करतो. "हा वरचा खटका आधी उचलायचा. म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहतो, आत हवा दाबली जात नाही, चाक पोरालासुद्धा फिरतं. मग हँडल. एक, दोन, तीन... चाकानं वेग धरला की खटका सोडायचा. आता त्या जड चाकाचा जोरच हवा दाबतो. दाबलेली हवा एवढी तापते की डिझेल आपोआप पेटतं. ठिणगी लागत नाही, बॅटरी लागत नाही." मग हाताची मूठ दाखवतो. अंगठा बोटांच्याच बाजूला. "अंगठा पलीकडून वळवला तर इंजिन उलटं झटका मारतं आणि अंगठा मोडतो." बापूचा उजवा अंगठा किंचित वाकडा आहे. त्याबद्दल कुणी विचारत नाही, तो विषय तो स्वतः काढत नाही.

आता माझं. माझ्याकडे एकच पान आहे, पण ते असं आहे की पडलं तर डाव माझा.

बार्शी लाइट रेल्वे तुम्ही ऐकली असेल. 2 फूट 6 इंचांची नॅरोगेज. कुर्डुवाडीला तेव्हा बार्शी रोड म्हणत. तिथून बार्शीपर्यंत ती 1897 मध्ये सुरू झाली, पुढे एका अंगाला पंढरपूर आणि दुसऱ्या अंगाला लातूरपर्यंत गेली. आमच्या लहानपणी तिच्यातून उतरून लघुशंका करून परत चढता येतं अशी तिची ख्याती होती. मी स्वतः कधी करून पाहिलं नाही, पण चढणाऱ्यांना हात दिला आहे. ही गाडी बांधणारा इंग्रज इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. कुठल्याही चाकजोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, मग हलक्या रुळांवरूनही भरपूर माल जातो, हे त्यानं आमच्या माळरानावर दाखवून दिलं. इथपर्यंत बार्शीतल्या बऱ्याच लोकांना ठाऊक असतं. पुढचं ठाऊक नसतं. याच कॅलथ्रॉपनं पुढे इंग्लंडात पॅराशूट बनवलं!

हे पान टाकायचं कधी? रेल्वेचा विषय निघाला की मास्तर मला शिवूच देत नाहीत. 16 एप्रिल 1853, शनिवार, बोरीबंदर ते ठाणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, इथून ते जे सुटतात ते थेट घाट चढूनच थांबतात. म्हणून मी दुसऱ्या टोकाकडून यायचं ठरवलं. एकदा पावसात म्हणालो, "छत्री म्हणजे तरी काय, हवा अडवणारं कापडच." मास्तर छत्रीवरून छत्रचामरांवर आणि तिथून 6 जून 1674 च्या राज्याभिषेकावर गेले. उठायची वेळ झाली तेव्हा गागाभट्टांना दिलेली दक्षिणा चालू होती.

दुसऱ्यांदा विमान काढलं. ही माझी चूक. विमान म्हटलं की मराठी माणसाच्या कट्ट्यावर तळपदे येतात. शिवकर बापूजी तळपद्यांनी 1895 मध्ये चौपाटीवर विमान उडवलं की नाही? मास्तर म्हणाले, समकालीन पुरावा दाखवा. वकील म्हणाला, पुरावा नाही म्हणजे घटना नाही असं होत नाही. मास्तरांनी बंगळुरूच्या विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांचा 1974 चा अभ्यास काढला, की 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातली ती विमानं उडूच शकत नाहीत. बापू एवढंच म्हणाला, "इंजिन कुठलं होतं ते सांगा, मग बोलू." माझं मतही बापूसारखंच आहे, पण त्या दिवशी मला मत नव्हतं मांडायचं, पॅराशूट उघडायचं होतं.

मग गेल्या महिन्यात आपोआप जमून आलं. चहा संपला, बापूनं फोन उलटला. त्याचा नातू कामशेतला गेला होता, पॅराग्लायडिंगला. "बघा, पोरगं कापडाला लटकलंय."

मी घसा साफ केला. कॅलथ्रॉप सांगितला. रोल्स-रॉइसमधले रोल्स त्याचे मित्र, ते 1910 मध्ये विमान कोसळून गेले आणि याच्या डोक्यात पॅराशूट शिरलं, ते सांगितलं. त्या पॅराशूटचं नाव 'गार्डियन एंजल', ते सांगितलं. ते चालतं हे पटवायला 1917 मध्ये एका अधिकाऱ्यानं लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्समध्ये उडी घेतली, आणि तरीही पहिल्या महायुद्धात इंग्रज वैमानिकांना पॅराशूट काही मिळालं नाही, तेही सांगितलं. वकिलासारखं उठून दोन पावलं चालावं असंही मनात आलं होतं.

तिघंही शांत. टपरीवाला ग्लास विसळायचा थांबला.

"वकील," बापू म्हणाला, "कितव्यांदा रे?"

"तिसऱ्यांदा. एकदा दिवाळीत, एकदा माझ्या पोरीच्या लग्नात, पंगतीत."

"मागच्या खेपेला ती उडी 1916 ला मारली होती," मास्तर म्हणाले. "आज 1917."

"1917 च बरोबर," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पैसे मीच दिले. फोन बघितला बापूनं, तेही चहा संपल्यावर, पण त्या वेळी वाद घालण्याच्या परिस्थितीत मी नव्हतो.

मात्र एक राहिलं आहे. टॉवर ब्रिजवरून उडी मारणारा तो ऑर्ड-लीस त्याआधी शॅकल्टनबरोबर अंटार्क्टिकाला गेला होता. जहाज बर्फात चिरडलं, आणि हा गडी तिथे बर्फावर सायकल चालवत होता. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, तिन्ही वेळा नाही, हे आता नीट आठवून बघितलं आहे. उन्हाळा लागला की आम्ही टपरी सोडून समोरच्या रसवंतीवर बसतो. तिथे "बर्फ कमी" असं कुणी ना कुणी म्हणतंच.