४००० हर्ट्झवर अडकलेली नोकरी : माझा अनुभव

क्रूझ जहाजावरच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायला जायचं तर सगळ्यात अवघड काय, असं महिन्याकाठी कुणी ना कुणी मला विचारतंच. विचारणाऱ्याला वाटतं, मी ऑडिशन म्हणेन, नाहीतर अमेरिकेचा व्हिसा. ऑडिशन चाळीस मिनिटांत उरकली. व्हिसाच्या खिडकीवर तर पाच मिनिटंही लागली नाहीत. मी अडकलो तो एका दवाखान्यात, कानाच्या तपासणीत. सव्वीस दिवस. नोकरी लागली, दोन करारही झाले, पण त्या सव्वीस दिवसांचा राग अजून उतरलेला नाही.

माझे वडील मिरजेला बँडपथकात क्लॅरिनेट वाजवायचे. पथकातल्या एका काकांनी धंदा सोडला तेव्हा त्यांचा अल्टो सॅक्सोफोन आमच्या घरी आला. निम्म्या पॅडमधून हवा जायची, पण मी तोच फुंकत बसायचो. पुढे मुंबईत धोबी तलावाजवळ एका गोवेकर अंकलकडे शिकलो. पहिले आठ महिने त्यांनी मला एकही गाणं वाजवू दिलं नाही. नुसते लांब सूर, घड्याळ समोर ठेवून. १९७८ च्या पहिल्या जॅझ यात्रेत, म्हणजे मुंबईतल्या जॅझ महोत्सवात, अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्सला ऐकलेला माणूस तो; रॉलिन्स वर्षानुवर्षं न्यूयॉर्कच्या एका पुलावर जाऊन रियाज करायचा, तर तुला चाळीच्या गच्चीवर यायला काय होतं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेजारीण गरोदर होती, तिला त्रास नको म्हणून रॉलिन्स पुलावर जायचा, ही त्यातली अर्धी गोष्ट मला नंतर कळली. आमच्या गच्चीखालच्या आजींना हा मुद्दा फार आवडला असता.

अंकलच्या पिढीचं गणित सोपं होतं. दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला, रात्री हॉटेलात. त्याच्याही आधी, १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबीचा अमेरिकन बँड ताजमध्ये वाजवायला आला, आणि त्यानंतर गोव्याच्या वादकांनी ते संगीत असं उचललं की हॉटेलं त्यांच्याशिवाय चालेनात. मग सिंथेसायझर आला, स्टुडिओतले मोठे ताफे गेले. माझ्या वाट्याला आली लग्नं, कंपन्यांच्या पार्ट्या आणि महिन्यातून एखादी खरी जॅझची रात्र, तीही रात्री साडेअकरापर्यंत. म्हणून जहाज. तिथंही रोज जॅझ नसतो, हे आधीच सांगून ठेवतो. बहुतेक वेळ नाचगाण्याच्या शोमागे स्वरलिपीची पानं वाचून वाजवत बसायचं, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी लाउंजमध्ये मनासारखं वाजवायचं.

तर, तो दवाखाना.

जहाजावर चढणाऱ्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी होते; इंजिनातला असो, स्वयंपाकघरातला असो की वाजवणारा. मला नोकरी लावणाऱ्या एजन्सीने शनिवारी सकाळी नऊची वेळ दिली. शुक्रवारी रात्री ठाण्याला लग्न होतं. लग्न सोडणं माझ्या रक्तात नाही. स्टेजवर मी ड्रमरच्या डावीकडे उभा, म्हणजे त्याचा हाय-हॅट, ती एकमेकांवर आपटणाऱ्या झांजांची जोडी, थेट माझ्या उजव्या कानाशी, आणि दोन हातांवर डीजेचा स्पीकर. रात्री अडीचला झोपलो तेव्हा कानात शिट्टी वाजत होती. ती नेहमीच वाजते, म्हणून लक्ष दिलं नाही.

सकाळी काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन घातले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. बारीक सूर आला की माझ्या कानातली शिट्टी आणि तो सूर एकमेकांत मिसळायचे. खरा कुठला आणि माझा कुठला, हे ओळखता येईना. ज्याने आठ महिने फक्त एकेक सूर ऐकला, त्याची ही अवस्था. उजवा कान ४००० हर्ट्झला, म्हणजे त्या उंच बारीक सुराला, ५० डेसिबलवर गेला; आवाज तेवढा मोठा केल्यावरच मला तो ऐकू आला. कागदावर त्या जागी रेघ अशी खाली घसरली होती की वाचता न येणाऱ्यालाही काहीतरी बिनसलंय हे कळावं. शिक्का पडला : तात्पुरता अनफिट.

काउंटरवरच्या मॅडमनी फॉर्म पाहिला. "म्युझिशियन म्हणजे? बँडवाले का?"

"हो, बँडवाले," मी म्हणालो. मिरजेचा माणूस आणखी काय म्हणणार?

"मग ईएनटीचं पत्र आणा."

पत्र आणलं. त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नव्हता, परत पाठवलं. क्रमांकासह आणलं, तर सोबत मूळ आलेख हवा म्हणाल्या. मूळ आलेख त्यांच्याच कपाटात होता. तो काढायला अर्ज. अर्ज दिला, तर सही करणारे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारीच येतात. मंगळवारी गेलो, डॉक्टर आले नाहीत. शुक्रवारी आले, पण फाइल सापडेना. पुढच्या मंगळवारी सांगण्यात आलं की फाइल वर गेली आहे. दवाखाना तळमजल्यावर, आणि वर ब्यूटी पार्लरखेरीज काही नव्हतं. इकडे एजन्सीतून रोज फोन, की तुमची जागा किती दिवस अडवून ठेवायची? मी रोज सांगायचो, दोन दिवस. घरी बाबांना यातलं काही सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं ट्रम्पेट आणि ढोलाच्या मधे उभे राहिलेले बाबा फोन स्पीकरवर टाकून बोलतात, आणि तरी मला दोनदा सांगावं लागतं.

सुटका झाली ती ईएनटीच्या बाईंमुळे. दुसऱ्यांदा पत्र लिहिताना त्यांनी विचारलं, "नापास केलंय ते कुठल्या नियमाने? नियम दाखवा म्हणावं." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या रात्री शोधत बसलो. खलाशांच्या तपासणीसाठी आयएलओ (कामगारांची) आणि आयएमओ (सागरी वाहतुकीची) या आंतरराष्ट्रीय संघटनांची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यात कानाचा हिशेब ५००, १०००, २००० आणि ३००० हर्ट्झ या चारच ठिकाणच्या सरासरीवर आहे : बऱ्या कानाला ३० डेसिबलपर्यंत चालतं, दुसऱ्याला ४० पर्यंत. ४००० हर्ट्झ त्यात नाहीच! माझा वाईट कान त्या चार ठिकाणी १५, १५, २०, ३५. सरासरी सव्वाएकवीस. डावा तर चौदाच्या आत. म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, अर्धवट झोपेत, शिट्टी वाजत असतानाही मी पासच होतो.

पानाची प्रिंट काढली, ओळ पिवळी केली आणि शुक्रवारी पुन्हा हजर. डॉक्टरांनी कॅल्क्युलेटर घेतला. आकडे घातले. पुन्हा घातले. मग म्हणाले, "फेरतपासणी करून टाकू." चार दिवस मी शांत घरात होतो, प्रेशर कुकरसुद्धा लांबून ऐकत होतो. ५० चे ४० झाले होते, ३५ चे २५. सही झाली. चुकलं, असं कुणी म्हणालं नाही. फी दोनदा घेतली. बाहेर येऊन टपरीवर चहा घेतला, तेव्हा दुसरा कप माझ्या हातात कधी आला ते कळलंच नाही.

त्यामुळे जाणाऱ्यांनी हे करा. तपासणीआधी किमान सोळा तास आवाजापासून लांब राहा, जमलं तर दोन दिवस. आदल्या रात्रीचं लग्न सोडा. हो, मीच सांगतोय. आलेखाची प्रत त्याच दिवशी मागून घ्या, आणि अनफिटचा शिक्का मारणाऱ्याला तिथल्या तिथे नियम विचारा.

४००० हर्ट्झचे ४० मात्र ४०च राहिले. तो खड्डा भरून येत नाही. म्हणून आता उजव्या कानात वादकांसाठी मापाने बनवतात तो फिल्टरवाला प्लग घालतो, १५ डेसिबल कमी करणारा. स्वस्तातले फोमचे बोळे सॅक्सोफोनवाल्याला निरुपयोगी आहेत. माउथपीसवर दात टेकलेले असतात, कान बुजला की स्वतःचाच सूर हाडातून कवटीत घुमायला लागतो आणि बाकीचा बँड गायब होतो. फिल्टरवाल्यातही थोडं घुमतं. दोन आठवडे मी बेसूर वाजवला, मग सवय झाली.

ऑडिशनबद्दल काहीच सांगितलं नाही, ते राहिलंच. नुसत्या सॅक्सोफोनवर भागत नाही. क्लॅरिनेट आणि बासरी, म्हणजे पाश्चात्त्य धातूची फ्लूट, दोन्ही वाजवता यावी लागतात. क्लॅरिनेट मला घरातूनच आला होता. फ्लूट मी ऑडिशनच्या आधी सहा महिने शिकलो आणि ते ऐकू आलं असणार. व्हिडिओ कॉलवर पानं समोर टाकतात आणि लगेच वाजवायला सांगतात. मला एक पान पियानोच्या पट्टीतलं दिलं, म्हणजे अल्टोवर प्रत्येक सूर मनातल्या मनात बदलून वाजवायचा. इथं लांब सूर कामाला येत नाहीत, वाचन येतं. अंकलनी वाचन फार करून घेतलं नव्हतं. बाबांच्या पथकातही सगळं कानावरच चालायचं.

पीतज्वराची लस जहाजावर जायच्या किमान दहा दिवस आधी घ्या. त्याआधी तिचं प्रमाणपत्र लागू होत नाही. मी ती दवाखान्याच्या धावपळीत लांबवत गेलो आणि अकराव्या दिवशी विमानात बसलो. ते प्रमाणपत्र आता जन्मभर चालतं. कानाचं मात्र दोनच वर्षं, आणि माझं येत्या मार्चमध्ये संपतंय. दवाखाना तोच आहे. ती पिवळी ओळ असलेली प्रिंट मी सॅक्सोफोनच्या पेटीत, रीडच्या डबीखाली ठेवली आहे.