थर्मामीटरवर ४ अंश, तरी पिशवी बाद

मे महिन्यातली दुपार. आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या रक्तसाठवण केंद्रात लाल पेशींच्या तीन पिशव्या आल्या. एक सिकलसेलच्या मुलीसाठी, दोन सिझेरियनसाठी हाताशी. "ताई, ऊन लय तपून राह्यलं, म्हून बर्फ जास्तच टाकला," ड्रायव्हरभाऊ म्हणाले. खोक्यातला थर्मामीटर ४ अंश दाखवत होता. प्रवासात २ ते १० अंश चालतं, म्हणजे कागदावर सगळं ठीक होतं.

पण एक पिशवी थेट आइस पॅकला चिकटलेली होती, मधे पुठ्ठा नाही. पॅक डीप फ्रीझरमधून काढून तसाच टाकलेला. अशा पॅकचं तापमान शून्याच्या बरंच खाली असतं. थर्मामीटर हवेचं तापमान सांगतो, पिशवीच्या त्या कडेचं नाही.

पिशवीला जोडलेल्या नळीतला रक्ताचा नमुना पाहिला तर स्वच्छ. नळी वरच्या बाजूला होती, तिला बर्फ लागलाच नव्हता. क्रॉसमॅचही, म्हणजे रुग्णाशी रक्त जुळतं का ही चाचणीही, त्याच नळीतून होते, त्यामुळे तिथे दोष दिसला नसता. म्हणून पिशव्या २ ते ६ अंशाच्या फ्रिजमध्ये न हलवता उभ्या ठेवल्या. सकाळी पेशी खाली बसल्या होत्या. दोन पिशव्यांत वरचा द्रव निवळ, तिसरीत गडद लाल. गोठलं की पेशीबाहेरचं पाणी आधी बर्फ होतं, उरलेला द्रव खारट होऊन पेशीतलं पाणी ओढतो. वितळताना आवरण फाटतं आणि हिमोग्लोबिन बाहेर सांडतं. असं रक्त चढवलं तर मूत्रपिंडावर बेतू शकतं, शिवाय सुटलेलं पोटॅशियम हृदयाला जड जातं.

पिशवीचं प्लास्टिक खरं तर पेशींना जपतं. पीव्हीसी मऊ करणारं डीईएचपी थोडं थोडं झिरपून पेशींच्या आवरणात बसतं आणि पेशी कमी फुटतात. काचेच्या बाटलीत हा आधार नव्हता. डीईएचपीचे शरीरावरचे परिणाम काळजीचे आहेत म्हणून पर्याय येत आहेत, पण त्यातल्या काहींत पेशी जरा जास्त फुटतात. सॅगम या पेशी टिकवणाऱ्या द्रावणात ४२ दिवसांची मुदत मिळते, त्यात द्रावणासोबत या प्लास्टिकचाही वाटा आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. पण गोठण्यापुढे कुठलीच पिशवी टिकत नाही.

तिसरी पिशवी वेगळी काढून रजिस्टरला कारण लिहिलं, रक्तपेढीला कळवलं. मुलीला निवळ पिशवीतलं रक्त लागलं, सिझेरियनसाठी दुसरी बदली मागवली. सोबत निरोप दिला: पॅक हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत बाहेर ठेवा, मग पुठ्ठा घालूनच पिशव्या भरा.