दुष्काळातल्या शाहिराचा चरित्रपट : बाडापासून सेन्सॉरपर्यंत

शाहिराच्या चरित्रपटाची पटकथा त्याच्या बाडातून, म्हणजे कवनांच्या हस्तलिखित वहीतून सुरू करावी, मुलाखती नंतर घ्याव्यात. नातेवाईक आणि गावातली जाणती माणसं जे सांगतात त्यात पन्नास वर्षांत बरंच काही मिसळलेलं असतं. बाडात मात्र कवनाखाली तिथी, गाव आणि बिदागी लिहिलेली सापडते.

आम्ही सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका शाहिरावर छोटा चित्रपट केला, काळ १९७० ते १९७३. त्यांच्या बाडात १९७१ च्या यात्रांपुढे बिदागीचे आकडे रुपयांत आहेत. १९७२ चा पाऊस हुकला, दुष्काळ पडला आणि त्याच जागी 'ज्वारी २ पायल्या', 'मिलो १ पायली' (मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी), एके ठिकाणी नुसतंच 'जेवण' असं यायला लागतं. पुढं काही पानांवर कवनं आहेत, पण खाली गावाचं नावच नाही. पटकथेचा कणा तिथं मिळाला. यात्रा आवरत्या घेतल्या गेल्या, सुपाऱ्या थांबल्या, फड मोडला, ढोलकीवाला मुंबईला गिरणीत गेला, शाहीर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला आणि कवनं लिहीत राहिला. दुःख दाखवायला रडणारे चेहरे लागत नाहीत, हा हिशोब नीट दाखवला की पुरतं.

बाडाची पानं जुनी असतील तर ती उलगडून स्कॅनरवर दाबू नयेत, शिलाईपाशी फाटतात. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता, मोबाइल पानाच्या बरोबर वर धरून फोटो काढावेत आणि त्याच दिवशी पान क्रमांक टाकावेत. मोडीतला मजकूर असेल तर तो वाचणारा माणूस आधी गाठावा.

हक्कांचं काम चित्रीकरणाआधी उरकावं. कवीच्या निधनानंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो. पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लावण्या २००६ पासून खुल्या आहेत. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, त्यांचं लेखन २०२९ अखेरपर्यंत संरक्षित आहे. या दोघांची कवनं आपल्या भागातले बरेच शाहीर गात आले, त्यामुळे 'पारंपरिक' म्हणून हाताला आलेलं गाणं कुणाचं आहे हे एकदा पडताळावंच लागतं. शब्द खुले असले तरी जुन्या तबकडीचा किंवा आकाशवाणीच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो. १९६३ पासून सांगली केंद्र आहे, पण तिथलं जुनं ध्वनिमुद्रण चित्रपटात वापरायचं तर प्रसार भारतीची लेखी परवानगी हवी. चरित्रनायकाच्या वारसांची संमती स्टॅम्प पेपरवर घ्यावी आणि त्यात गाणी, फोटो, बाड आणि नाव या चारही गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. 'चित्रपटास हरकत नाही' एवढ्या एका ओळीवर पुढं वाद होतात.

चित्रीकरणाच्या जागेचा प्रश्न आता उलटा झाला आहे. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी आल्यापासून आटपाडीत डाळिंबं, कवठेमहांकाळात द्राक्षं दिसतात. हे पाणी यावं म्हणून या तालुक्यांनी किती वर्षं मोर्चे काढले ते माहीत असलेल्या माणसाला त्या हिरव्या रानाबद्दल तक्रार करवत नाही. पण १९७२ चं रान हवं असेल तर जतच्या पूर्वेकडची नाहीतर साताऱ्यातल्या माणची माळरानं धुंडाळावी लागतात, तीही एप्रिल-मे महिन्यात, वळवाचा पहिला पाऊस पडायच्या आत. ढालगावच्या पठारावर कोरडं रान मिळतं, पण तिथं फ्रेममध्ये पवनचक्क्या येतात. कॅमेरा त्यांच्याकडे पाठ करून लावावा लागतो आणि मग सूर्य कुठल्या वेळी कुठं असणार हे आधी पाहून घ्यावं लागतं. ठिबकच्या नळ्या, शेततळ्याचा प्लास्टिक कागद, मोबाइलचा टॉवर हे सगळं डोळ्याला सवयीचं झालेलं असतं आणि पडद्यावर लगेच खुपतं. वेडी बाभूळ मे महिन्यातही हिरवी असते. तिचा रंग एडिटिंगमध्ये उतरवताना फक्त हिरवा रंग निवडून कमी करावा. सगळ्या चित्राचाच रंग उतरवला तर माणसांची कातडी राखेसारखी दिसते.

वस्तूंमध्ये नोटा आणि घागरी यांत हमखास चूक होते. ५० ची नोट १९७५ मध्ये आली, २० ची १९७२ मध्ये. मजुरी वाटपाच्या प्रसंगात १, २, ५ आणि १० च्या नोटा ठेवाव्यात. घागरी तांब्या-पितळेच्या किंवा मातीच्या. सुकडी (दुष्काळी मदतीतला कोरडा खाऊ) वाटताना ॲल्युमिनियमच्या ताटल्या चालतात, स्टीलचा चकचकाट नको. दुष्काळी कामावर मजुरी खडी मोजून मिळायची, १०० घनफुटांचा एक ब्रास. म्हणून खडीचे ढीग चौकोनी, मोजता येतील असेच रचलेले दिसले पाहिजेत. खडी फोडायला नटांना उभं करण्याआधी त्या काळी काम केलेल्या आज्ज्यांना एकदा हातोडी देऊन बघावं. घाव घालताना त्या मान मागं घेतात आणि डोळे मिटतात, कारण कपची उडते. नट डोळे सताड उघडे ठेवतो, तिथं प्रसंग खोटा पडतो. खऱ्या घावाचे शॉट लांबून घ्यावेत, जवळचे शॉट आधीच फुटलेल्या दगडावर घ्यावेत.

आता आवाज, कारण शाहिराचा चित्रपट उभा राहतो तो आवाजावर. पोवाडा स्टुडिओत मेट्रोनोमवर, म्हणजे एकसारखे ठोके देणाऱ्या यंत्रावर गाऊन घेतला की मरतो. त्याची लय कडव्यागणिक चढत जाते, शाहीर झीलकऱ्यांकडे, म्हणजे मागून ओळ धरणाऱ्या साथीदारांकडे बघून ती चढवतो, आणि 'जी जी रं जी' किती वेळा घ्यायचं हे समोर बसलेली माणसं ठरवतात. म्हणून आम्ही सगळी गाणी जागेवरच ध्वनिमुद्रित केली, दोन कॅमेरे एकाच वेळी लावून, निदान एक अख्खं कडवं न तोडता. जोड द्यायचा तो झीलेवर. झीलकरी तीच ओळ परत परत घेतात, त्यामुळे दोन टेकमधला सांधा तिथं झाकला जातो. मूळ गायकाच्या ओळीत कात्री लावली की श्वास तुटलेला ऐकू येतो.

टेक जुळायचे तर सूर एक हवा. प्रत्येक टेकच्या आधी पेटीवर शाहिराची पट्टी, म्हणजे तो ज्या सुरात गातो तो सूर वाजवायचा, समजा काळी चार. मग तुणतुण्याची खुंटी पिळून तार त्या सुरात आणायची आणि तो आधारसूर टेकबरोबर मुद्रित करून ठेवायचा. खरी अडचण डफाची असते. संध्याकाळी हवेत ओल आली की कातडं सैल पडतं आणि थाप बदबद वाजते. जाळावर धरून तापवलं की चढतं, पण दमट हवेत पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा उतरतं. हाताला सोसेल एवढ्याच अंतरावर धरून फिरवत राहावं. एकाच जागी धरलं तर कडेला, खोडाशी, चीर जाते. दोन डफ आलटून पालटून वापरले तर काम अडत नाही. जाळाला कडबा वापरू नये, धूर गायकाच्या घशात जातो. निखाऱ्यांची शेगडी वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवावी. दिमडी (डफासारखं छोटं वाद्य) लागणार असेल तर बोकडाच्या कातड्याचीच घ्यावी. घोरपडीच्या कातड्याची जुनी दिमडी कुणी आपुलकीनं काढून दिली तरी नको म्हणावं, घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे.

शाहीर डफ छातीशी धरतो. त्यामुळे नेहमीसारखा कॉलर माइक छातीला लावला की त्यात डफच डफ येतो, शब्द बुडतात. माइक पटक्याच्या पेचात, कपाळाच्या वर लपवावा आणि वायर मानेमागून खाली सोडावी. पटका धुतलेल्या, मऊ सुती कापडाचा हवा. नवीन कापडाला खळ असते, मान हलली की खसखस येते. दुसरा माइक बूमवर (लांब दांड्यावर), वरून तोंडाच्या दिशेनं, दोन-तीन फुटांवर. तुणतुण्याचा आवाज बारीक, त्याला खाली भांड्याजवळ वीतभर अंतरावर स्वतंत्र माइक लागतो, नाहीतर ते चित्रात दिसतं आणि ऐकू येत नाही. मुद्रण २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ठेवावं आणि पातळी डफाच्या सगळ्यात जोरातल्या थापेवर लावावी, ती उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. बोलण्यावर पातळी लावली तर पहिल्याच थापेला आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पुढं कुठल्याच सॉफ्टवेअरनं नीट होत नाही. माळावर वारा दहाच्या सुमारास सुटतो. गाणी सकाळी त्याआधी, माइकला केसाळ टोपरं घालून. धुळीचे प्रसंग सगळ्यात शेवटी ठेवावेत, धुळीनंतर दोन-तीन दिवस गळा साथ देत नाही.

बैलजोडी दाखवायची असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधी आणि ना-हरकत नंतर, अशी दोनदा घ्यावी लागते. पशुवैद्यकाचा दाखलाही लागतो. हे कागद नसले की सेन्सॉरचा अर्ज तिथंच अडकतो. छावणीच्या प्रसंगात मरतुकडं जनावर खरं आणू नये. रिकामी दावण, गळ्यातली सुटलेली घुंगुरमाळ यांनी काम होतं.

सेन्सॉरचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. त्यात संवादांबरोबर गाण्यांचे पूर्ण शब्दही द्यावे लागतात. पोवाड्यात शाहीर आयत्या वेळी शब्द बदलतो, म्हणून शब्द बाडावरून न उतरवता अंतिम प्रतीवरून ऐकून उतरवावेत. बिडी किंवा मळलेली तंबाखू दिसली तर सुरुवातीला आणि मध्यात ३० सेकंदांचे आरोग्य संदेश, २० सेकंदांचं निवेदन आणि त्या दृश्याच्या वेळी पडद्यावर इशारा, एवढं सगळं आलं. आम्ही झीलकऱ्यांच्या हातातली चंची (तंबाखूची पिशवी) तशीच ठेवली, तंबाखू मळताना दाखवली नाही.

गावात दाखवायची प्रत वेगळी काढावी. थिएटरसाठी केलेलं मिक्स देवळापुढच्या कर्ण्यावर लावलं की डफाचा खर्ज नाहीसा होतो आणि झांज कानात घुसते. कर्ण्यासाठी मोनो मिक्स करावं, झांज उतरवावी, शाहिराचा आवाज वर काढावा, आणि ते एकदा मंडपवाल्याच्याच कर्ण्यावर, दिवसाउजेडी, चौकात लावून ऐकावं.