कास पठार, सप्टेंबरअखेर: फुलं ओळखायची कशी आणि सोबत पुस्तक कोणतं न्यायचं

साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढला की कास साधारण २५ किलोमीटरवर. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, मुद्दाम आठवड्याच्या मधल्या वारी गेलो. सकाळी दाट धुकं, नऊनंतर उघडीप, दुपारी पुन्हा सर. कासला हे असंच चालतं, त्यामुळे 'ऊन पडलं की निघू' म्हणणाऱ्यांनी निघूच नये.

जाण्याचं थोडक्यात सांगतो. साताऱ्याहून बामणोलीला जाणारी एसटी कासवरूनच जाते. हंगामात प्रवेश ऑनलाइन नोंदणी करून, ठरलेल्या वेळेच्या टप्प्यात मिळतो. शनिवार-रविवारच्या जागा आधीच भरतात आणि घाटात गाड्यांची रांग लागते. शुल्क बदलत असतं, निघण्याआधी पाहून घ्या. सकाळचा पहिला टप्पा घ्या, कारण पुढे येईल तसं काही फुलं दुपारी मिटतात. २०१२ साली पश्चिम घाटासोबत कासही जागतिक वारसा यादीत गेलं आणि गर्दी वाढली. गालिचा पाहायचा तर तासाभरात पाहून होतो. फुलं ओळखायची असतील, तर दोनशे मीटर वाटेला अर्धा दिवस पुरत नाही.

घाटातच सुरुवात करा. यवतेश्वरच्या चढाला रस्त्याकडेला पिवळ्याचे दोन प्रकार हमखास दिसतात. एक सोनकी, म्हणजे सेनेसिओ बॉम्बेएन्सिस. दुसरं बागेतून सुटलेलं कॉसमॉस. गाडीतून दोन्ही सारखीच वाटतात, पण पानं पाहिली की प्रश्न मिटतो: कॉसमॉसचं पान बारीक कापलेलं, सोनकीचं साधं, कडेला दाते असलेलं. सोनकीची 'पाकळी' ही पाकळी नसून एकेक स्वतंत्र फूलच असतं, मधलं पिवळं चकतं म्हणजेही फुलांचाच दाट घोस. पुस्तकात 'पाकळ्या ५' असं वाचून इथे मोजायला बसलात तर चुकीच्या कुळात जाल.

घाटातल्या ओल्या, शेवाळलेल्या कातळभिंतींकडे मात्र दुर्लक्ष करू नका. तिथे युट्रिक्युलेरिया स्ट्रिएटुला असते. फूल इवलंसं, खालचा ओठ पंख्यासारखा पसरट आणि पाच खंडांचा. पठारावर हिचीच मोठी भावंडं भेटणार आहेत.

पठारावर पोचलं की रंगावरून फूल शोधायची सवय आधी मोडावी लागते. जांभळट-निळं म्हणून पुस्तक उघडलं तर वीस पानं समोर येतात. त्याऐवजी झाड उभं कशात आहे ते पाहा. काळ्या बसाल्टवर जांभ्याचं झाकण आणि त्यावर कुठे बोटभर, कुठे वीतभर माती, अशी इथली रचना. पावसाचं पाणी खळग्यांत साचून राहतं आणि मातीतली पोषणद्रव्यं धुऊन नेतं. पाणी किती दिवस थांबतं आणि माती किती जाड, यावर कोण कुठे उगवणार हे ठरतं. त्यामुळे जागा नीट पाहिली की निम्म्या जाती आपोआप बाद होतात.

पाण्याच्या डबक्यातला मानकरी वायतुरा, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. फुलोरा इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला, त्यामुळे चुकायची भीती नाही. पण हा जुलै-ऑगस्टचा गडी. सप्टेंबरअखेर फार तर पानं सापडतील.

डबक्याच्या कडेला, मातीचा पातळ लगदा असतो तिथे, पांढऱ्या गोल बोंडांचे गेंद आणि त्यांच्यात मिसळून निळ्या-जांभळ्या सीतेची आसवं. या दोघांचा गालिचाच फोटोंमध्ये गाजतो. सीतेची आसवं, म्हणजे युट्रिक्युलेरिया परप्युरासेन्स, बाजूने पाहा: दोन ओठ आणि खाली वळलेली सोंडेसारखी शेपटी. हिरवं पान शोधून सापडत नाही. मातीत धाग्यांवर मिलिमीटरभर फुगे असतात, ते पाण्यातले सूक्ष्मजीव आत ओढून घेतात. नत्राची उणीव अशी भरून निघते. फुगे पाहायला रोप उपटू नका, ते पुस्तकातल्या आकृतीतच पाहावेत. खालच्या भातखाचरांत अशाच फुलाची, पण गवताला वेटोळे घालत चढणारी जात दिसली तर ती युट्रिक्युलेरिया रेटिक्युलाटा.

गेंदाच्या बाबतीत आमचा सरळ सल्ला: 'गेंद, एरिओकॉलॉन' इथवरच थांबा. कासवर सेजविकी जातीचं नाव सर्रास घेतलं जातं, पण या गटात जात पक्की करायला बीचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. फोटोवरून छातीठोकपणे जात सांगणाऱ्यावर जरा संशय घ्यावा.

याच ओलीत दवबिंदू ही किडे खाणारी वनस्पतीही शोधा. चिकट थेंबांची चमच्यासारखी पानं जमिनीलगत चक्रासारखी असतील तर ड्रोसेरा बर्मानी. उभं खोड आणि दोऱ्यासारखी लांब पानं असतील तर ड्रोसेरा इंडिका, म्हणजे गवती दवबिंदू.

माती थोडी जाड झाली की तेरडे. घराकडचा तेरडा, इम्पेशन्स बालसमिना, आणि पठारावरचे गुलाबी तेरडे यांत गल्लत होते, कारण सगळे फुलाचाच फोटो काढतात. पान खोडाला कसं जोडलंय ते पाहा. बालसमिनाची पानं एकाआड एक, बोंड लवदार. पानं समोरासमोर असतील तर ऑपोझिटिफोलिया किंवा लॉई यांच्या वाटेने जा. एवढी एक गोष्ट टिपली तरी घरी बसून निम्मं काम होतं.

निळ्या, तीन पाकळ्यांच्या मंडळींत सगळ्यात जास्त घोळ. केना, नीलिमा आणि आभाळी-नभाळी हे एकाच कुळातले. केन्याला दोन पाकळ्या मोठ्या, तिसरी लहान, आणि फूल दुमडलेल्या होडीसारख्या हिरव्या पानातून बाहेर येतं. नीलिमेला, म्हणजे मर्डानियाला, तिन्ही पाकळ्या सारख्या आणि ती दुमड नाही. आभाळी आणि नभाळी सायनोटिस. पाकळ्या जुळून नळी झालेली आणि पुंकेसरांवर निळ्या केसांची झालर. भिंग लावलं की ही झालर काय देखणी दिसते! इथे वेळही ओळखीत धरा. केना सकाळी उमलून दुपारपर्यंत कोमेजतो, नीलिमा सकाळी मिटलेली दिसून दुपारी उघडते. 'सकाळी इथे काहीच नव्हतं' असं परतीला वाटलं तर नवल नाही. तुतारी, म्हणजे ऱ्हॅम्फिकार्पा, तर संध्याकाळी उमलते. लांब बारीक नळीचं पांढरं फूल, आणि मुळं शेजारच्या गवताच्या मुळांत घुसवून पोसणारी वनस्पती.

कवल्यासाठी गुडघ्यावर बसा, वाटेवरूनच. पिवळ्या फुलाच्या वरच्या पाकळीवर दोन तांबडे ठिपके, म्हणून पर्यटक त्याला मिकी माऊस म्हणतात. ठिपके पाहून 'स्मिथिया' इतकंच म्हणता येतं. जात ठरते ती फुलामागे. हिरवा निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांना बाहेरून धरणारा पेला, भिंगातून पाहा: राठ केसांनी भरलेला असेल तर स्मिथिया हिरसुटाकडे कल. मग संयुक्त पान घ्या, तोडू नका, बोटावर आडवं धरा आणि पर्णिका, म्हणजे त्यातली छोटी पानं, मोजा. दोनच जोड्या असतील तर बायजेमिना. फूल पिवळं नसून जांभळं आणि त्यावर पांढरे ठिपके असतील तर परप्युरिया, म्हणजे बरका. कासवर आणखी एक आघारकरी जात नोंदलेली आहे, प्रा. आघारकरांच्या नावाची. पाच मिनिटं एका कवल्याशी घालवली तर पुढच्या दहा फुलांना वेळ कमी लागतो.

पठाराच्या कडेला टोपली कारवीची गोल झुडपं. न फुललेल्या वर्षीही पालथ्या टोपलीसारख्या आकारावरून ओळखू येतात. बहर मात्र सात वर्षांनी.

कुमुदिनी तळ्याकडे 'राजमार्ग' म्हणतात त्या जुन्या वाटेने चालत जावं लागतं. चप्पल नको, चिखलात तळ धरणारे बूट घाला. निम्फॉइडिस इंडिकाची पांढरी फुलं दोनेक सेंटिमीटरची, पाकळ्यांना झालर. कमळाच्या कुळाशी गोंधळ होऊ नये म्हणून एकच खूण: कुमुदिनीचं फूल पानाच्या देठाला लागूनच वर येतं, कमळवर्गाचा फुलाचा देठ तळातल्या कंदापासून वेगळा निघतो. कास तलावाच्या बाजूच्या झाडीत जळवा असतात. मोज्यात पँट खोचा आणि पुढे चला.

आता पुस्तक. दुकानात हातात घेतल्यावर मुखपृष्ठ पाहू नका, थेट कवल्याचं किंवा केन्याचं पान उघडा. एकाच जातीचा एक सुंदर फोटो देऊन विषय संपवला असेल तर ते टेबलावर ठेवायचं पुस्तक. चार-पाच जाती शेजारी देऊन 'हिच्या पर्णिका इतक्या, तिचा निदलपुंज लवदार' असं सांगितलं असेल तर घ्या. पानाचा फोटो, फुलाचं माप, फुलण्याचे महिने, उगवण्याची जागा आणि शास्त्रीय नाव, यांतलं एक जरी कमी असेल तर किंमत कितीही कमी असो, सोडा. शेवटची सूचीही तपासा; मराठी आणि शास्त्रीय दोन्ही नावांची हवी, कारण सोनकी म्हणून गावोगाव वेगवेगळी पिवळी फुलं दाखवतात.

प्रदेश हा सगळ्यात मोठा निकष. हिमालयाचं किंवा 'भारतातली रानफुलं' असं सर्वसमावेशक पुस्तक इथे गोंधळच वाढवतं. उत्तर सह्याद्रीचंच हवं. श्रीकांत इंगळहळीकरांचं फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री याच पट्ट्यावरचं, पाचशे जातींचं आणि पिशवीत मावणारं आहे. आमच्या मते सुरुवात त्यानेच करावी. थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ दरम्यान निघालेला मुंबई इलाख्याचा फ्लोरा आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे महाराष्ट्राचे खंड हे घरी बसून वापरायचे. त्यांत फोटोवर भर नाही, फाटे फुटत जाणाऱ्या किल्ल्या, म्हणजे 'असं असेल तर इकडे, नसेल तर तिकडे' असे ओळखीचे टप्पे आहेत, आणि भाषा सवयीशिवाय उमगत नाही.

जुन्या पुस्तकातलं नाव नव्या यादीत सापडलं नाही तर घाबरू नका. चवर हिचेनिया होती, आता कुरकुमा कॉलिना. निसुर्डी अॅडेलोकॅरियमची पॅराकॅरिऑप्सिस झाली. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन'वर जुनं नाव टाकलं की चालू नाव मिळतं. छपाईतल्या निळ्यावरही विसंबू नका. कॅमेरा निळा-जांभळा हमखास बिघडवतो आणि छपाईत तो आणखी सरकतो. आणि चकचकीत कागद भिजला की पानं चिकटतात, म्हणून पुस्तक झिप असलेल्या पिशवीत, सोबत कोरडा रुमाल.

भिंग १० पटीचं पुरे. ते डोळ्याला टेकवा आणि फुलाकडे अडीच सेंटिमीटरपर्यंत स्वतः वाका. भिंग फुलाजवळ आणि डोळा लांब ठेवला तर काहीच दिसत नाही. फोटो प्रत्येक फुलाचे पाच: समोरून, बाजूने, मागून, पान खोडाला जुळतं तिथला, आणि जमिनीसकट अख्खं रोप. एकात सहा इंची पट्टी किंवा नाणं ठेवा. कागदावर लिहायचं ते तीनच शब्दांत: पाणी, माती, वेळ.

फोनमधली ओळख सांगणारी अॅप पठारावर रेंज नसल्याने अडतात, आणि चालली तरी जातीच्या पातळीवर बागेतली किंवा परदेशी झाडं सुचवतात. गटापर्यंत त्यांचं ऐका, पुढे पुस्तक. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकायची असेल तर त्याच रात्री टाका, पण कंदीलपुष्प, म्हणजे सेरोपेजिया, दिसलं असेल तर ठिकाण 'अस्पष्ट' ठेवा. त्याच्या नळीत खाली वळलेले केस असतात, माशी आत शिरते आणि केस सुकेपर्यंत अडकते. जागा जाहीर झाली की कंदासाठी खणणारे आणि फोटोसाठी गवत तुडवणारे दोघेही पोचतात.