तुम्ही विचारलंत म्हणून: आठवड्यात एवढा पैसा जातो कुठे?

मी बांधकामं घेतो. काम जोत्याच्या वर आलं की घरमालक हमखास विचारतात, "अहो, परवाच तर पैसे दिले होते, संपले कसे?" वही दाखवली तरी पटत नाही. म्हणून हल्ली मी मास्टर जेम्सची गोष्ट सांगतो.

मास्टर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज. आधी आल्प्समधल्या सव्हॉय प्रांताच्या काउंटचे, म्हणजे तिथल्या सरदाराचे, किल्ले बांधायचा, मग इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने त्याला वेल्समध्ये आणलं. १२७८ पासून तो तिथल्या कामांवर दिसतो. कॉन्वी आणि हार्लेक हे किल्ले त्याच्याच देखरेखीखाली उभे राहिले. १२८४ मध्ये राजाने त्याला तहहयात रोजचे तीन शिलिंग (वीस शिलिंगांचा एक पौंड) बांधून दिले, आणि त्याच्या माघारी बायको अँब्रोशियाला दीड. (आमच्या धंद्यात असं कुणाला मिळाल्याचं ऐकलं नाही.)

काही अभ्यासक म्हणतात, तो रचनाकार नव्हताच, नुसता व्यवस्थापक होता. 'नुसता' म्हणणाऱ्यांनी एकदा शनिवारचा पगार वाटून बघावा. शिवाय कॉन्वी-हार्लेकच्या बुरुजांवर परांचीच्या वाशांची भोकं आडव्या रांगेत नाहीत, बुरुजाभोवती चढत जातात. तशीच भोकं सव्हॉयकडच्या किल्ल्यांवर आहेत. परांची बांधायची सवय माणसाबरोबर येते.

१२९५ मध्ये वेल्सच्या अँग्लसी बेटावर बोमॅरिस किल्ल्याचं काम निघालं. वेल्सचं बंड नुकतंच मोडलं होतं, राजाला घाई होती. कामावर माणसं लोटली आणि पैसा मात्र अडखळत येऊ लागला. फेब्रुवारी १२९६ मध्ये जेम्स आणि हिशेब बघणारा वॉल्टर ऑफ विंचेस्टर यांनी खजिन्याला पत्र धाडलं. एका आठवड्यात एवढा पैसा कुठे जातो असा प्रश्न तुम्हाला पडेल म्हणून कळवतो, असं म्हणून त्यांनी सरळ यादीच दिली आहे: दगड घडवणारे आणि रचणारे मिळून ४०० गवंडी, २,००० बिगारी, खाणीवर २०० माणसं, ३० लोहार, वर सुतार. दगड आणि कोळसा आणायला १०० छोट्या गाड्या, ६० मोठ्या गाड्या आणि ३० होड्या. किल्ल्याची शिबंदी आणि मालाची खरेदी यात धरलेलीच नाही. गरज आठवड्याला २५० पौंडांची. मजुरी थकलीय, लोकांकडे खायला काही नाही, त्यांना थोपवून धरणं जड जातंय, हेही लिहिलंय.

मला त्यातली प्रगतीची बाजू फार आवडते. भिंत कुठे २८ फूट, कमीत कमी २० फूट झालीय. दरवाजे बसवलेत, रोज रात्री कुलूप लागतं. भरतीला ४० टनांचं भरलेलं जहाज थेट किल्ल्याच्या दारापर्यंत येऊ शकेल. पैसे मागायचे तर आधी झालेलं काम दाखवायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शेवटी ताजा कलम: देवासाठी पैसे लवकर पाठवा, नाहीतर आजवरचं सगळं फुकट जाईल.

पण त्याच वर्षी एडवर्ड स्कॉटलंडच्या लढाईत उतरला आणि पैसा तिकडे वळला. जेम्स १३०९ च्या सुमारास गेला. काम रडतखडत १३३० पर्यंत चाललं आणि थांबलं. आतल्या बुरुजांचे वरचे मजले शेवटपर्यंत चढलेच नाहीत.