हायवे ३९५ वर बिशपला थांबून केलेलं बोल्डरिंग

नोव्हेंबरात लॉस एंजेलिसहून रीनोला निघालो होतो, मी आणि मित्र, आळीपाळीने गाडी चालवत. बोल्डरिंगचा, म्हणजे दोर न लावता मोठे दगड चढण्याचा, क्रॅशपॅड (पडलो तर खाली असावी म्हणून जाड गादी) डिकीत होताच, म्हणून वाटेत कॅलिफोर्नियातल्या बिशपला मुक्काम केला आणि सकाळी जवळच्या बटरमिल्क या दगडांच्या भागात गेलो. गावातून हायवे १६८ ने पश्चिमेला जायचं, मग बटरमिल्क रोड. पुढे रस्ता कच्चा आहे, बारीक लाटा पडलेला, साधी गाडी जाते पण अगदी हळू घ्या.

उतरल्या उतरल्या दगडाला भिडलो ती चूक झाली. आदल्या दिवसभर बसून बसून कंबर इतकी आखडलेली की पाय वर टाकायला जावं तर गुडघा छातीपर्यंत येईना. मग अर्धा तास नुसते दगडांमधून फिरलो, खांदे मोकळे केले, व्ही ० आणि व्ही १ या सगळ्यात सोप्या श्रेणींचे प्रॉब्लेम, म्हणजे दगडावरचे चढायचे मार्ग, केले, तेव्हा कुठे अंग सुटलं.

दगड क्वार्ट्झ मॉन्झोनाइटचा, म्हणजे ग्रॅनाइटच्याच जातीचा, आणि भयंकर खरखरीत. पकड मस्त मिळते पण स्फटिक बोटांत रुततात. चौथ्या प्रॉब्लेमपर्यंत माझ्या बोटांची टोकं लाल आणि चकचकीत झाली होती, चॉक (हात कोरडे ठेवायची पावडर) लावलं की चुरचुरायचं, तिथेच थांबलो. कातडी फाटू देऊ नका, पुढे स्टिअरिंग धरायचंय.

सगळ्यात महत्त्वाचं, चढण्याआधी उतरायची वाट बघून ठेवा, दगडाला पूर्ण फेरी मारून. एका ठिकाणी मी टॉपआउट केलं, म्हणजे दगडाच्या माथ्यावर पोचलो, मागून सोपं असेल असं धरून चाललो होतो, आणि वरून बघतो तर खालची पायरी दिसतच नाही! पोटावर झोपून पाय खाली सोडला, मित्र खालून "अजून डावीकडे, अजून थोडा" करत होता, बूट टेकेपर्यंत जीव वर. चढायला दोन मिनिटं लागली असतील, उतरायला दहा. इथे दगड खूप उंच आहेत, ग्रँडपा पीबॉडी नावाचा दगड तर शेजारी उभं राहून बघण्यासारखाच, तेव्हा एकच पॅड असेल तर बुटके दगड निवडा आणि दुसऱ्याने नीट स्पॉट करायचं, म्हणजे चढणारा पडला तर सावरायला खाली तयार राहायचं, मोबाइल खिशात.

फार गारठा असेल तर बिशपजवळच्याच हॅपी बोल्डर्स या दुसऱ्या दगडांच्या भागात जा, ते कमी उंचीवर आणि घळीत आहेत. तिथला दगड वेगळा, सुमारे ७,६०,००० वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या राखेचा, खळगे खळगे असलेला. पाऊस किंवा बर्फ पडून गेला असेल तर तिथे चढू नका, ओला झाला की तो कमकुवत होतो आणि पकडी तुटतात, मग तो प्रॉब्लेम सगळ्यांसाठीच बिघडतो. ती घळ ज्या पठारात आहे तिथे जुनी कोरीव चित्रंही आहेत, त्यांना हात नाही, चॉक नाही.

पाणी आधीच भरून न्या, दगडांजवळ मिळत नाही. आम्ही तीन वाजता आवरलं, बोटांना टेप गुंडाळला, आणि पुढचे दोन तास गाडी मित्राने चालवली.