पंचावन्न गुंठे

निपाणीजवळ आमची जमीन चार तुकड्यांत विखुरलेली. वाटणीची बोलणी सुरू झाली तसे आप्पा उतारे घेऊन बसले. मी नुकताच हॅस्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकत होतो. म्हटलं, बेरीज मी करून देतो.

एकर-गुंठ्यांची जोडी केली, म्हणजे टपल. (१, ३०) अधिक (१, २५) लिहिलं आणि कोड तपासणारा कंपायलर अडला: जोडीसाठी ‘नम’चा इन्स्टन्सच नाही, म्हणजे जोडीला संख्येसारखं कसं वागवायचं हे सांगितलेलंच नाही. मग मीच लिहिला. पहिल्यात पहिला मिळवायचा, दुसऱ्यात दुसरा. पण ‘नम’चं बेरजेवर भागत नाही, त्याला गुणाकार, अ‍ॅब्स, सिग्नम ही चिन्हांची कामं, नुसत्या पूर्णांकाची जोडी करणारं फ्रॉमइंटिजर, सगळं लागतं. एकर-गुंठ्याला एकर-गुंठ्यानं गुणून काय पिकणार कोण जाणे, तेही लिहून टाकलं. वजाबाकी राहिली. तसा इशारा आला होता, मी वाचला नाही. पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, वजा करायला गेलो आणि लॅपटॉपचा पंखा भणभणायला लागला. वजाबाकी लिहिली नसेल तर हॅस्केल निगेटकडं, म्हणजे चिन्ह उलटवण्याकडं जातं, निगेट नसेल तर शून्यातून वजा करायला वजाबाकीकडं. या टेबलावरून त्या टेबलावर!

निगेट लिहिलं, चाललं. ऐटीत सांगितलं, पहिले दोन तुकडे मिळून दोन एकर पंचावन्न गुंठे.

“चाळीस गुंठ्यांचा एकर हुतो न्हवं?” आप्पा म्हणाले. “तीन एकर पंधरा म्हण की.”

पोटखराबाचं तर आणखी भारी. (२, १०) मधून (०, १५) काढले, उरले दोन एकर उणे पाच गुंठे.

खरी खोड मात्र उशिरा सापडली. ओढ्याकडचा तुकडा पुरा २ एकरांचा, म्हणून मी नुसतं २ मिळवलं होतं. फ्रॉमइंटिजरनं त्याचे गुपचूप (२, २) केले. दोन गुंठे फुकटात! इन्स्टन्स नसता तर कंपायलरनं तिथंच हात धरला असता. ती सोय मीच घालवली होती.

इन्स्टन्स पुसला. न्यूटाइपनं ‘क्षेत्र’ असा वेगळा टाइप केला, आत फक्त गुंठे, आणि बेरजेपुरता मोनॉइड, म्हणजे मिळवणं आणि शून्य, एवढंच. दाखवताना तेवढं डिव्हमॉडनं, म्हणजे भागाकार आणि बाकी एकदम देणाऱ्या फंक्शननं, ४० नं भागायचं. आप्पांनी चष्मा वर करून विचारलं, “आणि आणे?” उताऱ्यात आणेही असतात, सोळा आण्यांचा गुंठा. मग आत आणे ठेवले, ४० च्या जागी ६४० आले आणि उरलेल्या आण्यांना गुंठ्यांसाठी १६ नं भागलं. बेरजेच्या कोडला हात लावावा लागला नाही.

बेरीज जुळली. आप्पांनी ती आधीच लग्नपत्रिकेच्या पाठीवर करून ठेवली होती.